नाव तेच, अक्षरं वेगळी

अणदूरला आमच्या गल्लीत मी काय काम करते हे कुणालाच धड सांगता येत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. शेजारची काकू पाव्हण्यारावळ्यांना सांगते, "हिची नोकरी शेळीच्या दुधातली नावं लिहायची." वर मलाच विचारते, "का गं, आमाला शेळीला एक नाव ठेवायला सवड न्हाय, अन् तुमी तिच्या दुधालाबी नावं ठेवता व्हय?"

मी हसून सोडून देते. खरं सांगायचं तर काकू फारशी चुकत नाही. प्रत्येक जिवाच्या पेशीत मायक्रो आरएनए नावाचे चिमुकले तुकडे असतात, वीस-बावीस अक्षरांचा एकेक. स्वतः ते काहीच घडवत नाहीत. दुसऱ्यांना गप्प बसवणं एवढंच त्यांचं काम. जगभरातली माणसं हे तुकडे शोधतात आणि एका मोठ्या डेटाबेसमध्ये त्यांची नावं लागतात. काही वर्षांनी त्या डेटाबेसची नवी आवृत्ती येते आणि नावं बदलतात. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेसाठी मी घरबसल्या सॉफ्टवेअर लिहिते, जुन्या आवृत्तीतलं नाव दिलं की नव्यातलं काढून देणारं. तिथल्या मॅडमकडं आमच्याच जिल्ह्यातल्या शेळ्यांच्या दुधातल्या अशा तुकड्यांचे जुने निकाल होते आणि नवेही होते. ते दोन्ही एकमेकांना जोडून द्यायचे, हे माझं काम.

यातली काही नावं रद्दही होतात. नंतर कळतं की तो तुकडा खरा नव्हताच, दुसऱ्याच कशाचा तरी चुरा होता. मग त्याला मेलेल्यांच्या फाइलीत टाकतात. आमच्या धंद्यात तिला तसंच म्हणतात, मी मनचं सांगत नाही. पण जुन्या निकालांत ती नावं असतातच. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि पडद्यावर एखादं मेलेलं नाव ढिगानं उमटायचं, तेव्हा पहिल्या पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा यायचा. पुढं सवय झाली. सवय कशाचीही होते, हे मी लग्नानंतर नीट शिकले.

माझं माहेर मुरुम. शिकता शिकता लग्नाचं वय मागं पडलं होतं आणि मुरुमातल्या बायांनी माझ्या नावानं आंघोळ करून टाकली होती. मग हे स्थळ आलं. मुलगा बिजवर, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, पहिली बायको काविळीनं गेलेली. एक मुलगी, आई गेली तेव्हा नुकती चुरुचुरू बोलायला लागलेली. बघायला आले तेव्हा ती पोरगी सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली आणि उतरेना. मी होकार दिला तो तिला. नवरा तिच्यासोबत मिळाला असं म्हणायला हरकत नाही.

लग्न साधंच झालं. आमच्यात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. बाया वाकून वाचतात, खिदळतात, पेढे वाटतात. नवऱ्यानं लिहिलं आणि कुणीच खिदळलं नाही. एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "आली गं बाई माघारी." मी मान वाकडी करून तांदूळ वाचले. ते पहिलीचं नाव होतं.

मी नवऱ्याकडं बघितलं. तो तांदळाकडंच बघत होता. सासूबाईंनी माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर टाक घातला. टाक म्हणजे चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. बिजवराच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं, सवत रुसू नये म्हणून. हे मला ठाऊक होतं, मुरुमातही करतात. पण टाकही तिचा आणि नावही तिचं, हे मी कुठं ऐकलं नव्हतं.

"लेकराला आई बदलल्यावानी वाटू ने," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्या म्हणते. "नाव तेच ऱ्हाऊ दे. तुझं काय जातंय त्यात?"

मीही मनात म्हटलं, खरंच, माझं काय जातंय? आधार कार्डावर माझं नाव माझंच, प्रयोगशाळेतही माझंच. आमच्या डेटाबेसमध्येसुद्धा नावं बदलतात, पण प्रत्येक तुकड्याला एक कायमचा क्रमांक असतो आणि तो कुणी बदलत नाही. घरात काय हाक मारायची ती मारू देत.

त्या घरात तिचा फोटो नव्हता. सासऱ्यांचा आहे, हार घातलेला, बैठकीत घुसलं की समोरच. तिचा कुठंच नाही. नवी नवरी होते तरी मी विचारलं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. आत्या म्हणाल्या, "जित्या माणसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय?" आणि माझ्याकडं बघून हसल्या. चेष्टा असती तर मला बरं वाटलं असतं. ती चेष्टा नव्हती.

मग हळूहळू सुरू झालं. गिरणीत दळण घेऊन गेले तर गिरणीवाल्याची आई म्हणाली, "गुडघा बरा हाय का आता?" माझा गुडघा जन्मात कधी दुखला नव्हता. मी म्हटलं, "मावशी, मी ती नव्हे." ती म्हणाली, "व्हय व्हय, म्हाईत हाय की. तरीबी माळवदावर जपून चढत जा." थोड्याच दिवसांत माझा डावा गुडघा ठणकायला लागला. कुणाला सांगणार? शास्त्र शिकलेली बाई मी. खुर्चीवर बसून बसून होतं असं, म्हणून मी तेल लावून गप्प बसले.

एकदा आत्यांनी हिंग मागितला. मी भाकरी थापत होते. न बघता हात वर केला आणि फळीच्या मागं, मोठ्या डब्याच्या आड ठेवलेली हिंगाची डबी काढून दिली. ती डबी तिथं असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पिठाच्या हातानं तशीच उभी राहिले. आत्या डबी हातात घेऊन माझ्याकडं बघत होत्या. "बघ," एवढंच म्हणाल्या आणि फोडणीकडं वळल्या.

नवरा भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तोही जेवताना बोलून गेला, "तू मागंबी असंच मीठ कमी टाकायचीस." बोलला आणि त्याचा त्यालाच ठसका लागला. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. "मागं म्हंजे कधी हो?" मी म्हटलं. "मागं मी मुरुमात होते, माझ्या आईच्या घरी!" त्यानं पाणी पिलं, ताटात हात धुतला आणि निघून गेला. त्या दिवशी मला त्याची दयाही आली आणि भीतीही वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे तोवर माहीत नव्हतं.

पण हे सगळं मी सहन करत होते, पोरीसाठी. ती मला पहिल्या दिवसापासून आई म्हणायची. गोड वाटायचं. का नाही वाटणार? एका सकाळी वेणी घालताना ती म्हणाली, "आई, तुला आठवतंय का, तू चिंचंखाली मला झोका बांधला व्हतास. अन् दोर तुटला. अन् आपण दोघीबी धपकन पडलो. मी रडायले अन् तू हसायलीस."

मी कधी झोका बांधला नव्हता. माझा हात थांबला. "मी हसत होते?" मी विचारलं. "चेहरा कसा होता गं माझा तेव्हा?"

ती मागं वळली, तिनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "ह्योच की."

त्या पोरीकडं तिच्या आईची एवढीच काय ती इस्टेट, चिंचेखालचा एक झोका आणि एक हसणं. त्यावर आता माझा चेहरा येऊन बसला होता. मी काहीही केलं नव्हतं, फक्त हाकेला ओ देत राहिले होते.

त्याच सुमारास मॅडमच्या कामाचा शेवट जवळ आला. जुने निकाल आणि नवे निकाल माझ्या प्रोग्राममधून काढले आणि सगळं छान जुळलं. एका नावाचा तुकडा तर जुन्या दुधात भरपूर, नव्या दुधातही भरपूर. मॅडम फोनवर खूश होत्या. "बघ, एवढी वर्षं झाली पण शेळी काही बदलली नाही." मला मात्र ते इतकं गुळगुळीत जुळणं रुचेना. आमच्याकडं म्हणतात ना, हातच्या कांकणाला आरसा कशाला. तर मी नाव बाजूला ठेवलं आणि सरळ अक्षरंच उघडून बघितली.

नाव तेच होतं. अक्षरं वेगळी होती.

झालं होतं असं. हे तुकडे केसातल्या आकड्यासारख्या वाकलेल्या धाग्यातून कापून निघतात. आकड्याला दोन बाजू. पूर्वी एका बाजूला साधं नाव मिळालं आणि दुसरी बाजू टाकाऊ समजून तिच्या नावापुढं चांदणीची खूण जोडली गेली. पुढच्या आवृत्तीत ठरलं की कामाची बाजू ही दुसरीच आहे, आणि ते साधं नाव उचलून तिला दिलं. पहिल्या बाजूची मग कुणी नोंदच ठेवली नाही. जुन्या दुधात होती ती पहिली, नव्या दुधात होती ती दुसरी, आणि आम्ही दोघींना एक धरून चाललो होतो.

प्रोग्रामनं हे का पकडलं नाही, तेही लगेच कळलं. निकालांत कायमचे क्रमांक नव्हते, नुसती नावं होती. नाव बदललेलं असलं की तो सावध व्हायचा, शोधाशोध करायचा. नाव मेलेलं असलं की मेलेल्यांच्या फाइलीत बघून तसं सांगायचा. पण नाव दोन्ही आवृत्त्यांत जितंजागतं सापडलं, की त्याला शंका घ्यायचं कारणच उरायचं नाही. मी पहिलीची अक्षरं मेलेल्यांच्या फाइलीत शोधली. तिथं नव्हती. कशी असतील? नाव मेलं कुठं होतं?

बाहेर लख्ख ऊन होतं आणि काकूच्या दारात शेळी ओरडत होती. मेलेल्याला निदान मेलेल्यांत जागा मिळते. हिला तीही नव्हती. मी उठून बैठकीत गेले आणि सासऱ्यांच्या फोटोशेजारच्या मोकळ्या भिंतीकडं बघत किती तरी वेळ उभी राहिले.

प्रोग्राम सुधारायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. आधी अक्षरं बघायची, मग नाव. नाव तेच आणि अक्षरं वेगळी, तर पुढं जायचं नाही. थांबायचं आणि माणसाला विचारायचं. मॅडमना कळवलं. त्या चिडल्या, मग म्हणाल्या बरं झालं. घरातला नियम बदलणं एवढं सोपं नव्हतं, आणि मी दिवस ढकलत राहिले.

ते थंडीचे दिवस होते. आमचा खंडोबा वर्षातला थोडा काळ नळदुर्गाला असतो आणि बाकीचा अणदूरला. तो तिकडं गेला की गाव कसं सुनं सुनं वाटतं, लोक बोलतातसुद्धा हळू. मी पोरीला घेऊन देवळावरून येत होते. तिनं माझा हात ओढला.

"आई, तू मेली व्हतीस तवा नळदुर्गाला गेली व्हतीस का?"

मी म्हटलं, "काय?"

"देव जातो अन् माघारी येतो. तसंच ना?" ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, खाऊ मागावा तशी. "तिथं तुला भूक लागायची का? कोण वाढायचं तुला? आता परत कधी मरणार हाईस?"

रस्त्यावर लोक होते, ऊन होतं, मागून ट्रॅक्टर येत होता. मी तिला उचललं आणि गुडघ्याची पर्वा न करता घरापर्यंत जवळजवळ पळत आले. ती माझ्या कानाशी कुजबुजत होती, की परत जाशील तेव्हा मला सांगून जा, मागच्या वेळी सांगितलं नव्हतंस.

आत्या ओसरीवर हरभऱ्याचे डहाळे घेऊन सोलाणे सोलत बसल्या होत्या. मी पोरीला आत पाठवलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. फार दिवसांचं साठलेलं होतं, ते सगळं बाहेर आलं. "आत्या, आजपासून मला त्या नावानं हाक मारायची नाही. पोरगी काय विचारते ऐका जरा! मेलेली बाई देवासारखी जाऊन येऊन करते असं वाटतंय तिला. रोज वाट बघते ती, मी कधी मरते त्याची!"

मला वाटलं होतं त्या भांडतील. त्यांनी दाणे पदरातून सुपात टाकले.

"ती माझ्या भावाची लेक व्हती," त्या म्हणाल्या. "तुला म्हाईत हाय."

माहीत होतं. आमच्याकडं भावाची मुलगी सून करून आणतात, त्यात नवल नाही.

"मग तिचं बारसं कुणी केलं? आत्याचा मान अस्तोय. पाळण्यात वाकून तिच्या कानात ते नाव म्या सांगितलं. जगात सगळ्यात आदी म्या हाक मारली तिला. अन् दवाखान्यात शेवटालाबी म्याच मारत व्हते, कानाला तोंड लावून. ती बोललीच न्हाय." आत्यांनी पुढचा डहाळा उचलला. "तू बोलतीस. त्या नावानं हाक मारली की घरातनं कुणीतरी 'ओ' म्हनतंय. माझ्यासाठी तेवढंच हाय गं."

माझ्या रागाचं पाणी झालं. मी त्यांच्याशेजारी बसले. एवढे दिवस मला वाटत होतं, या घरात ती बाई माझ्यात शिरू बघते आहे. खरं तर एक म्हातारी रोज तिला हाका मारत होती, आणि रोज तिच्या जागी मीच ओ देत होते.

"आत्या," मी म्हटलं, "तुम्ही तिला कानात नाव सांगितलंत. पण तिच्या लेकीला तिचा चेहरा आठवत नाही आता. माझा आठवतो. चिंचेखाली झोका बांधणारी बाई कुठंच राहिली नाही, मेलेल्यांतही नाही. तुम्हाला हे चालतं?"

त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाल्या, "तूच सांग तिला. माझ्या तोंडातनं न्हाय यायचं."

मी पोरीला हाक मारली. ती आली, सुपातले दाणे खायला लागली. मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं. झोका बांधला तो मी नाही. पडल्यावर हसली ती मी नाही. ती तुझी आई. ती आजारी पडली आणि वारली. ती नळदुर्गाला गेली नव्हती, आणि कुणी कितीही हाका मारल्या तरी ती माघारी येत नसते. मी नंतर आले, मुरुमाहून. मी दुसरी आहे.

ती खाता खाता थांबली. एकदा आज्जीकडं बघितलं. आज्जीनं मान खाली घातली होती, पण नाही म्हटलं नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं, डोळे बारीक करून, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"मग तुझं नाव काय हाय?"

मी तोंड उघडलं आणि काही येईना. मुरुमाचं घर आठवलं, शाळेतल्या बाईंचा आवाज आठवला, हजेरीला उभी राहायचे ती जागा आठवली. नाव तेवढं कुठं सापडेना. आणि मग जीभ आपोआप हलली, आणि माझ्याच आवाजात, अगदी स्पष्ट, पहिलीचं नाव बाहेर पडलं. आत्यांच्या हातातला डहाळा खाली पडला.

पोरगी ताडकन उभी राहिली.

"ते माझ्या आईचं हाय," ती म्हणाली. "तुझं सांग."